जुन्या मोटारीची बॅटरी वारंवार का उतरते?

इंदूर आणि उज्जैन या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर, दोहोंच्या जवळपास मध्यावर, सांवेर हे इंदूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव आहे. माळव्याच्या काळ्या कसदार जमिनीत पिकणारे सोयाबीन, गहू आणि हरभरा ही या भागाची मुख्य संपत्ती. होळकरांच्या राज्यकाळापासून इंदूरच्या परिसरात मराठी कुटुंबे स्थायिक झालेली असल्याने येथील व्यवहारात मराठी भाषाही कानी पडते. मोठ्या रुग्णालयासारख्या सोयींसाठी सांवेरच्या रहिवाशाला एक तर इंदूरची वाट धरावी लागते, नाही तर उज्जैनची. त्यामुळे मोटारगाडी ही येथे चैनीची वस्तू राहिलेली नसून अनेक कुटुंबांच्या दैनंदिन गरजेचा भाग बनली आहे.

यांतील पुष्कळ गाड्या जुन्या आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर वाहन सुस्थितीत असल्याची खात्री झाल्यावर तिचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. शासकीय वाहनांच्या बाबतीत मात्र, काही विशेष वाहने वगळता, १५ वर्षांची मुदत संपलेल्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्यात आली. तेव्हा जुनी गाडी चालवणे आणि ती विश्वासार्ह ठेवणे ही जबाबदारी आता मुख्यतः खाजगी वाहनधारकाची आहे.

अशा गाड्यांची एक नेहमीची तक्रार म्हणजे बॅटरी वारंवार उतरणे. रात्री उत्तम चालणारी गाडी सकाळी चावी फिरवताच नुसती ‘टक्’ असा आवाज करते आणि स्वस्थ बसते. बॅटरी दुकानातून भरून आणावी, तर आठ दिवसांत पुन्हा तीच अवस्था. शेवटी कंटाळून नवी बॅटरी घेतली जाते आणि महिन्याभरात तीही उतरू लागते. यात पैशाचा अपव्यय होतो हे तर खरेच. परंतु रात्री-अपरात्री बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला इंदूरला न्यायचे असता गाडी सुरू न होणे याची किंमत रुपयांत मोजता येत नाही. हा दोष गूढ नाही. पद्धतशीरपणे शोधल्यास तो बहुतेक वेळा सापडतो, आणि पुष्कळदा त्याच्या दुरुस्तीचा खर्च नव्या बॅटरीच्या मानाने अगदी क्षुल्लक असतो.

बॅटरीचे कार्य

मोटारीत वापरली जाणारी शिसे-अम्ल बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रथम तयार केली. शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल यांतील रासायनिक क्रियेने वीज मिळते आणि उलट दिशेने वीज सोडली की ती क्रिया परत फिरवता येते, हे तिचे वैशिष्ट्य होय. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी ही सहा घटांची मिळून बनलेली असते आणि पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. म्हणजेच निरोगी व भरलेल्या बॅटरीचा एकूण दाब साधारण १२.६ व्होल्ट भरतो.

पूर्वी मोटार हँडल फिरवून सुरू करीत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो बसवण्यात आला. तेव्हापासून मोटारीचे जीवन बॅटरीवर अवलंबून राहिले. आपल्याकडील जुन्या अँबॅसडर व जीप गाड्यांना हँडल लावण्याची सोय होती, म्हणून बॅटरी उतरली तरी मार्ग निघत असे. पुढील काळातील गाड्यांत ती सोय राहिली नाही.

बॅटरीची साठवण अँपिअर-तासांत मोजतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी याचा स्थूल अर्थ असा, की ती १ अँपिअर प्रवाह सुमारे ३५ तास देऊ शकेल. शेतकऱ्याला हा हिशेब विहिरीच्या उदाहरणाने चटकन उमगेल. विहिरीतील पाणी आटते तेव्हा तीनच शक्यता असतात: झरा कमी पडला, विहिरीत गाळ साचून पाणी मावेनासे झाले, किंवा कोणी नकळत उपसा करीत आहे. बॅटरीचेही तसेच आहे. गाडी चालताना ती पुरेशी भरत नसेल, भरूनही तिच्यात वीज टिकत नसेल, अथवा गाडी उभी असताना कोठेतरी वीज गळत असेल. या तीन शक्यता वेगवेगळ्या तपासणे हे निदानाचे सूत्र होय. पहिल्या दोन न तपासता एकदम तिसरीकडे वळणारा मनुष्य गाडीतील सर्व तारा उसकटतो आणि शेवटी दोष ढिल्या पट्ट्यात निघतो.

आधी सुरक्षितता

बॅटरी भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून बॅटरीजवळ बिडी, काडी किंवा कंदील नेऊ नये. हातातील अंगठी, कडे व घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवावा, कारण पाना किंवा कडे दोन टोकांना एकाच वेळी टेकल्यास ते क्षणात लाल होऊन गंभीर भाजते. अम्ल डोळ्यांत वा कातडीवर उडाल्यास ती जागा भरपूर स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी, आणि डोळ्यांच्या बाबतीत विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

बॅटरी सोडवताना गाडीच्या पत्र्याला जोडलेले टोक आधी काढावे आणि बसवताना ते शेवटी लावावे. असे केले असता पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बहुतेक गाड्यांत पत्र्याला ऋण टोक जोडलेले असते. परंतु जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत धन टोक पत्र्याला जोडण्याची पद्धत होती. म्हणून जाड तार कोणत्या टोकाकडून पत्र्याकडे जाते हे प्रत्यक्ष पाहूनच काम सुरू करावे.

पहिली तपासणी: बॅटरीची प्रकृती

प्रारंभ साफसफाईपासून करावा. बॅटरीच्या माथ्यावर धूळ आणि अम्लाचा ओलावा यांचा थर जमला, की त्यातून धन व ऋण टोकांमध्ये बारीक प्रवाह अखंड वाहत राहतो. उन्हाळ्यात माळव्याच्या कच्च्या रस्त्यांवरील धूळ आणि पावसाळ्यातील दमटपणा या दोहोंनी हा दोष वाढतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे माथ्यावरील मळलेल्या पृष्ठभागाला टेकवले असता काट्याने किंवा आकड्याने दाब दाखवला, तर ही गळती सिद्ध झाली असे समजावे. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात मिसळून त्या पाण्याने माथा व टोके पुसावीत, मात्र ते पाणी झाकणांतून घटांत जाऊ देऊ नये. टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी घासून काढावी, पकड घट्ट आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा.

यानंतर, ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात तिच्या प्रत्येक घटातील पातळी पाहावी. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, नळाचे किंवा हातपंपाचे पाणी घातल्यास त्यातील क्षारांनी पट्ट्या कायमच्या खराब होतात. अम्ल तर स्वतः होऊन मुळीच घालू नये.

बॅटरी पूर्ण भरून, काही तास तशीच ठेवून, मग दाब मोजावा. गाडी नुकतीच थांबवली असता मोजलेला आकडा फसवा असतो. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली बॅटरी, असा सर्वसाधारण ताळा आहे. हायड्रोमीटर उपलब्ध असल्यास अधिक चांगले. भरलेल्या घटातील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते आणि उतरलेल्या घटाचे १.१२ च्या आसपास जाते. सहांपैकी पाच घट सारखे आणि एखादाच ०.०५ पेक्षा अधिक खाली असेल, तर तो घट निकामी झाला आहे असे निश्चित मानावे. अशा बॅटरीवर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही.

आता एका माणसाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने बॅटरीच्या टोकांवरील दाब पाहावा. भरलेल्या निरोगी बॅटरीचा दाब त्या वेळी सर्वसाधारणपणे ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही. बॅटरीचा दाब टिकून असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर दोष बॅटरीत नसून तारांत आहे. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा स्वच्छ लोखंडी भाग यांच्यामध्ये सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली किंवा ढिली झाली आहे असे समजावे. जुन्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो आणि ‘बॅटरी उतरली’ या समजुतीने तो वर्षानुवर्षे झाकलेला राहतो.

उन्हाळ्याविषयी एक सूचना येथे करणे इष्ट होईल. कोणतीही शिसे-अम्ल बॅटरी उभ्या-उभ्याही थोडी थोडी उतरत असते आणि उष्णता वाढली की ही क्रिया झपाट्याने वाढते. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले असता तिचा वेग जवळपास दुप्पट होतो. उतरलेली बॅटरी तशीच ठेवल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि मग ती पूर्ण भरत नाही. हाच विहिरीतील गाळ. वैशाख-ज्येष्ठात उन्हात उभी ठेवलेली आणि महिनाभर न वापरलेली गाडी सुरू झाली नाही, तर त्यात नवल नाही.

दुसरी तपासणी: गाडी चालताना बॅटरी भरते काय?

इंजिन सुरू असताना बॅटरी भरण्याचे काम जुन्या गाड्यांत डायनॅमो आणि नंतरच्या गाड्यांत आल्टरनेटर करतो. प्रथम त्याला फिरवणारा पट्टा पाहावा. दोन कप्प्यांमधील लांब भागावर अंगठ्याने दाबले असता तो साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. त्याहून सैल पट्टा घसरतो, आणि दिवे लावल्यावर तर विशेषच घसरतो.

नंतर इंजिन मध्यम वेगाने चालवून बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. आल्टरनेटरच्या गाडीत तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. १३ च्या आसपास घुटमळत असेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीतील पाणी उडून जाते व पट्ट्यांचे आयुष्य घटते. दिवे आणि पंखा लावूनही दाब टिकतो की नाही, हे अवश्य पाहावे.

डायनॅमोच्या गाड्यांत इंजिन मंद चालत असता बॅटरी जवळजवळ भरतच नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सकाळी गाडी सुरू करावी, चार किलोमीटरवरील शाळेपर्यंत जावे, संध्याकाळी दिवे लावून तितकेच परत यावे, अशा दिनक्रमात बॅटरीतून जाते ते पुरते परत येत नाही. अशा गाडीत गळती नसतानाही बॅटरी हळूहळू खालावते. आठवड्यातून एकदा तास-पाऊण तासाची सलग फेरी, किंवा दुकानात सावकाश भरून घेणे, हा त्यावर उपाय होय. भरण्याचा प्रवाह साठवणीच्या सुमारे एक-दशांश असावा; ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लागतात. घाईने भारी प्रवाह सोडून तासाभरात भरलेली बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य कमी होते.

काही ठिकाणी इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची प्रथा आहे. इंजिन बंद पडले नाही तर आल्टरनेटर ठीक, असा तर्क त्यामागे असतो. ही प्रथा घातक आहे. बॅटरीचा आधार सुटताच दाब एकाएकी उसळतो आणि आल्टरनेटरमधील डायोड व गाडीतील इलेक्ट्रॉनिक उपकरणे जळू शकतात. दोनशे रुपयांचा दोष शोधताना हजारोंचे नुकसान ओढवून घेऊ नये.

तिसरी तपासणी: गळतीचा शोध

बॅटरी निरोगी आहे आणि ती भरतही आहे, तरीही रात्रीतून उतरते, असे ठरल्यावरच गळतीचा शोध घ्यावा. चावी काढावी, सर्व दिवे बंद करावेत आणि दारे लावावीत. दार उघडे ठेवणे आवश्यक असल्यास त्याचे बटण दाबून धरण्याची व्यवस्था करावी, अन्यथा आतील दिवाच प्रवाह घेत राहील व शोध चुकेल. आता पत्र्याला जोडलेली बॅटरीची तार सोडवावी आणि ती तार व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडावा. बल्ब स्पष्ट पेटला तर मोठी गळती आहे. बल्ब पेटला नाही म्हणून गळती नाही असे मात्र मानू नये, कारण बारीक प्रवाहाने तो पेटत नाही.

अचूक मोजणीसाठी त्याच जागी मल्टिमीटर १० अँपिअरच्या श्रेणीवर ठेवून जोडावा. मल्टिमीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, चावीही फिरवू नये. स्टार्टर शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो आणि मीटर तत्काळ निकामी होतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गाड्यांत उपकरणे शांत होण्यास अर्धा तासही लागू शकतो, म्हणून तेवढे थांबून आकडा घ्यावा. घड्याळ व रेडिओची स्मृती असलेल्या गाडीत ०.०२ ते ०.०५ अँपिअर प्रवाह स्वाभाविक आहे. घड्याळही नसलेल्या जुन्या अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा जीपमध्ये तो जवळजवळ शून्य असावा.

आकडा याहून अधिक असेल तर एकेक फ्यूज काढीत जावे आणि प्रत्येक वेळी मीटर पाहावा. ज्या फ्यूजसरशी आकडा एकदम खाली येतो, त्या फ्यूजच्या शाखेत गळती आहे. मग तो फ्यूज परत बसवून त्या शाखेवरील एकेक उपकरण वेगळे करावे. जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असतात आणि काही तारा फ्यूजविनाच गेलेल्या असतात. तेथे एकेक तार सोडवून पाहण्यावाचून मार्ग नसतो. प्रत्येक तारेला आधी चिठ्ठी बांधून ठेवल्यास जोडताना घोटाळा होत नाही.

एक उदाहरण

समजा, सांवेरमधील एका शिक्षकांच्या पंधरा वर्षांहून जुन्या लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. शनिवारी दुपारी दोन वाजता उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी आठ वाजता सुरू होत नाही. इतर दिवशी मात्र ती सुरू होते. बॅटरी बदलूनही फरक पडलेला नाही. मोजणीत दाब व भरणा दोन्ही ठीक निघतात, परंतु गाडी बंद असता मीटर ०.४४ अँपिअर दाखवतो.

येथे हिशेब करून पाहावा. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ हे ४२ तास होतात. ०.४४ गुणिले ४२ म्हणजे सुमारे १८.५ अँपिअर-तास, अर्थात भरलेल्या बॅटरीच्या निम्म्याहून अधिक. छोट्या फेऱ्यांमुळे बॅटरी आधीच पूर्ण भरलेली नसते, तेव्हा सोमवारी ती सेल्फ फिरवू शकत नाही. इतर दिवशी शाळेच्या वेळेनंतर गाडी १५ तासच उभी राहते आणि सुमारे साडेसहा अँपिअर-तासच जातात, म्हणून दोष जाणवत नाही. दोष दररोज असूनही केवळ सोमवारी दिसतो, याचे कारण हे असे साध्या गुणाकारात आहे.

फ्यूज काढीत गेल्यावर आतील दिवे व रेडिओ यांचा फ्यूज काढताच आकडा शून्यावर येतो. तो परत बसवून रेडिओ वेगळा केला तर फरक अगदी थोडा पडतो. डिकीतील दिव्याचा बल्ब काढताच मात्र आकडा ०.०२ वर उतरतो. ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.४२ अँपिअर घेतो. मोजलेल्या गळतीशी हा आकडा तंतोतंत जुळतो. डिकीचे झाकण लावल्यावर दिवा बंद करणारे बटण धुळीने अडकले होते आणि बंद झाकणाखाली दिवा दिवसरात्र जळत होता. बंद डिकीत जळणारा दिवा बाहेरून कोणाला दिसणार? बटण साफ केले किंवा बदलले की काम झाले.

नेहमीचे गुन्हेगार

अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन प्रथम काही ठरावीक जागा पाहतात. डिकी, बॉनेट आणि डॅशबोर्डच्या खणातील दिवे; ब्रेकच्या पेडलवरील अडकलेले बटण; चिकटलेला हॉर्नचा रिले; आणि मागाहून बसवलेली उपकरणे, म्हणजे संगीत यंत्र, सेंट्रल लॉक, मागोवा घेणारे जीपीएस यंत्र व मोबाइल चार्जर. मागाहून बसवलेल्या वस्तूंची तार चावीच्या स्विचमधून न नेता थेट बॅटरीवरून घेतलेली असली, की गळतीला निमंत्रणच मिळते. अशा तारेला फ्यूजही नसेल तर आगीचा धोका उद्भवतो. ब्रेकचे २१ वॅटचे दोन दिवे जळत राहिले तर साडेतीन अँपिअर प्रवाह जातो आणि लहान बॅटरी एका रात्रीत रिकामी होते.

सर्व फ्यूज काढूनही गळती कायम राहिल्यास आल्टरनेटरकडे वळावे. त्यातील एखादा डायोड बिघडला तर प्रवाह उलट वाहतो. बॅटरी आधी सोडवून आल्टरनेटरची जाड तार काढावी, तिचे टोक कापडाने नीट गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे. आकडा खाली आला तर निदान झाले. डायनॅमोच्या गाडीत हेच काम कट-आउट करतो. इंजिन थांबताच त्याचे स्पर्शबिंदू अलग होऊन बॅटरी व डायनॅमो यांचा संबंध तुटला पाहिजे. ते जळून चिकटले तर बॅटरीतील वीज डायनॅमोमध्ये परत वाहते. इंजिन बंद करून बराच वेळ झाल्यावरही डायनॅमो गरम लागत असेल तर याच दोषाची शंका घ्यावी आणि बॅटरी ताबडतोब सोडवावी. तारा जळण्याचा संभव असतो.

खळ्याजवळ किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. उघडी तार पत्र्याला लागून, विशेषतः पावसाळ्यात, कधी गळते तर कधी गळत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या अशा दोषाचा शोध ओल्या दिवशीच घ्यावा, म्हणजे तो हाती लागतो.

ट्रॅक्टर आणि अडचणीची वेळ

हीच पद्धत ट्रॅक्टरलाही लागू आहे. पेरणी आणि मळणी यांच्या दरम्यान ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहतो. अशा काळात पत्र्याला जोडलेली तार सोडवून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी भरून घ्यावी. एवढ्याने ऐन पेरणीच्या दिवशीचा खोळंबा टळू शकतो.

अडचणीच्या वेळी दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीचा आधार घेताना दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असल्याची खात्री करावी. मोठ्या ट्रक व बसगाड्यांची व्यवस्था २४ व्होल्टची असते. तिचा आधार घेतल्यास लहान गाडीतील उपकरणे जळतात. दोन्ही वाहने एकमेकांना टेकू देऊ नयेत. आधी लाल तारेने धन टोके जोडावीत, नंतर काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून दूर, लावावे. हा क्रम ऋण टोक पत्र्याला जोडलेल्या गाड्यांचा आहे. धक्का देऊन गाडी सुरू करण्याचा उपाय जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत चालतो. विजेच्या पंपाने इंधन पुरवणाऱ्या गाड्यांत बॅटरी पूर्ण उतरली असता त्याचा उपयोग होत नाही.

जुनी बॅटरी कोठे द्यावी?

बॅटरी खरोखरच निकामी झाली असेल तर ती अंगणात फोडू नये, भंगारवाल्याला फोडू देऊ नये आणि तिचे अम्ल नाल्यात किंवा शेतात ओतू नये. शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा दुष्परिणाम होतो आणि त्याचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानले जात नाही. बॅटऱ्यांच्या हाताळणीसंबंधी २००१ मध्ये केलेल्या नियमांची जागा आता बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनी घेतली आहे. या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे जमा करणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. त्याबद्दल किमतीत सवलतही मिळते.

शाळांतील विज्ञान शिक्षकांना या विषयाचा चांगला उपयोग करता येईल. १२ व्होल्टचा बल्ब, मल्टिमीटर आणि हायड्रोमीटर एवढ्या साहित्यावर विद्युत्प्रवाह, दाब आणि साठवण या तिन्ही कल्पना मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतात. ग्रामपंचायत किंवा सहकारी संस्थेने एक मल्टिमीटर व एक हायड्रोमीटर सामायिक उपयोगासाठी ठेवल्यास गावातील मोटारी व ट्रॅक्टर या दोहोंची सोय होईल.

बॅटरी उतरली की ती बदलावी, हा उपाय सोपा वाटला तरी तो उपाय नव्हे. आधी प्रकृती, मग भरणा आणि शेवटी गळती, हा क्रम ध्यानात ठेवून प्रत्येक पायरीवर मोजमाप घेणारा वाहनधारक स्वतःचा पैसा वाचवील, शिशाच्या अनाठायी वापरास आळा घालील आणि मध्यरात्री दाराशी आलेल्या शेजाऱ्याला ‘गाडी सुरू होत नाही’ असे सांगण्याची वेळ स्वतःवर येऊ देणार नाही.